कोतवालाची संथा

कुत्र्याचं पिल्लू आलं की घरात आनंद येतो, असं ज्यांनी कुठंकुठं लिहून ठेवलंय त्यांना एकदा काशीतल्या आमच्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीत आणून दोन महिने ठेवायला हवं. आमच्याकडे पिल्लू आलं तेव्हा पहिल्या आठवड्यात माझे दोन पायजमे, वीणाच्या चष्म्याचं घर आणि माझ्या उजव्या पोटरीचा एक लहानसा भाग गेला. आनंद आला असेल तर तो माझी नजर चुकवून आला.

ते कसं आलं हे सांगत बसत नाही. आई एका संध्याकाळी बालाजी घाटाकडून परतली ती पदरात काहीतरी गुंडाळूनच, एवढं पुरे. आईचं वय एक्याऐंशी. बाबांना जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि त्या दोन वर्षांत तिनं आमच्याकडे केलेली ही पहिली मागणी. मागणी तरी कसली, "हा राहील," एवढंच म्हणाली आणि पदर सोडला. मी विद्यापीठाच्या कचेरीत सेक्शन ऑफिसर आहे. विद्यार्थ्यांचे मोर्चे मी नुसता चष्मा नाकावर सरकवून परत पाठवलेले आहेत. पण त्या दोन शब्दांवर मी उठून वाटीत दूध घालून आणलं.

नाव ठेवलं बिंदुमाधव यादवनं. हा आमचा दूधवाला. काशीचा कोतवाल म्हणजे कालभैरव आणि कुत्रा त्याचं वाहन, त्यामुळे दुधाचं माप बाजूला ठेवून त्यानं आधी पिल्लाला हात जोडले. "नीलकंठ बाबू, ई त बाबा क सवारी हौ. एकर नाम कोतवाल रखा." मी आपला नेहमीप्रमाणे हसून हो म्हणालो. माणसानं नाव ठेवताना विचार करावा. ज्याला कोतवाल म्हणतात तो कुणाच्या बापाला भीत नाही, आणि माझे वडील तर हयातही नव्हते.

कोतवाल चावायचा म्हणजे रागानं नव्हे. प्रेमानं चावायचा, कंटाळा आला म्हणून चावायचा, कुणी घरात आलं म्हणून आणि कुणी गेलं म्हणूनही चावायचा. सुईसारखे दात. हात दिसला की हात, पाय दिसला की पाय. वीणा शाळेत शिकवते. तिच्या पदराला लोंबकळत तो रोज सकाळी दारापर्यंत जायचा. या सगळ्यात त्याचं आवडतं माणूस म्हणजे आई. दुपारी आम्ही दोघं कामावर गेलो की घरात ती आणि तो. संध्याकाळी येऊन पाहावं तर आईच्या दोन्ही हातांवर बारीक लाल रेघा, आणि ती मजेत. "मेल्या, सोड की रे! हा माझा हात आहे, मुळा नाही," असं ती त्याला म्हणताना गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचं. आई सोवळ्याची कडक. सकाळी अंघोळ झाली की दुपारचं जेवण होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. मी शिवायचं नाही, वीणानं नाही, दिवाळीला पुण्याहून देवश्री, म्हणजे आमची मुलगी, आली तर तिनंही नाही. कोतवाल मात्र खुशाल तिच्या मांडीवर. मी विचारलं तर म्हणाली, "त्याला चालतं."

मग एक दिवस त्यानं तिच्या पायाच्या बोटाला दात लावला. दात कसला, ओरखडाच. पण आईला पंधरा वर्षांचा मधुमेह. तिची कातडी आता कांद्याच्या पापुद्र्याएवढी राहिली आहे. तो ओरखडा तीन आठवडे भरला नाही. डॉक्टरांनी पट्टी बदलता बदलता, पेन मागावं इतक्या सहज आवाजात सांगितलं, की यावेळी निभावलं, पुढच्या वेळी ते बोट कापावं लागू शकतं. आई पट्टीकडे बघत राहिली. घरी आल्यावर वीणानं फर्मान काढलं. पितृपक्षात दशमीला बाबांची तिथी. तोवर याचं चावणं थांबलं तर ठीक, नाहीतर हा सारनाथला तिच्या मैत्रिणीच्या बागेत जाईल. वीणाचं चुकत नव्हतं. वीणाचं बहुतेक वेळा चुकत नाही, हेच आमच्या संसाराचं दुखणं आहे.

 रात्री जेवताना आई म्हणाली, "नीळू, तू शिकव त्याला. तू एवढ्या लोकांना नियम शिकवतोस." आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्या नोकरीची दखल घेतली होती. मी काम अंगावर घेतलं.

कुठलंही काम मी रीतसर करतो, म्हणून आधी स्वतःच्या, त्याच आठवड्यात पुन्हा दात लागलेल्या पोटरीचं इंजेक्शन उरकायचं ठरवलं. सरकारी दवाखान्यात कुत्रा चावलेल्यांची वेगळी खिडकी असते. खिडकीमागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "कुत्ता पालतू है कि आवारा?"

"पालतू," मी म्हणालो.

"उसका टीके का कार्ड?"

कार्ड नव्हतं. कार्ड जनावरांचा डॉक्टर देतो, आणि आमच्या भागातला डॉक्टर म्हणाला की आधी नोंदणीचा कागद दाखवा. नोंदणीच्या कचेरीत म्हणाले की आधी लसीचं कार्ड आणा. तीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसून हेच करत आलोय. बाहेरून ते कसं दिसतं हे छप्पन्नाव्या वर्षी एका पिल्लामुळे कळलं. मी त्या तिघांपैकी कुणावरही रागावू शकलो नाही. तिघंही माझ्यापेक्षा नीट काम करत होते.

अखेर इंजेक्शन मिळालं, पण दवाखान्यातल्या माणसानं सांगितलं, "दस दिन कुत्ते पर नज़र रखिए. दसवें दिन आकर बताइए कि ज़िंदा है." मी म्हटलं, मैं बताऊं कि कुत्ता? तो हसला नाही. आईला पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात ती जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. आता तो कुत्र्यासाठीही आला. दहाव्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गेलो आणि कोतवाल जिवंत असल्याचं माझ्या सहीनिशी लिहून दिलं. "और आप?" त्यानं विचारलं. मी पण, असं म्हणालो. त्यानं दोघांचंही एकाच ओळीत लिहून घेतलं.

शिकवणीला सुरुवात झाली ती ईशानीपासून. ईशानी म्हणजे समोरच्या ढुंढिराज गुरुजींची नात, कॉलेजात जाते, आणि जगातल्या कुठल्याही दुखण्याचा उपाय तिच्या फोनमध्ये असतो. ती म्हणाली, "काका, सिंपल आहे. पिल्लं आपसात खेळताना एकानं जोरात चावलं ना, की दुसरं किंचाळतं आणि पाठ फिरवतं. बस, तसंच करायचं. तुम्ही चिल्लाव."

"काय ओरडू?"

"पिल्लासारखं. क्यांव! असं. दिल से."

मी माझ्या पदाकडे पाहून आधी नकार दिला. मग आईचं ते पट्टीतलं बोट डोळ्यांपुढे आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोतवालानं माझा अंगठा धरला तेव्हा मी "क्यांव" म्हणालो. अगदीच हलक्या आवाजात, फाईलवर शेरा मारावा तसं. कोतवालानं अंगठा सोडला नाही. ईशानी खिडकीतून म्हणाली, "काका, त्याला पताच नाही चलला." मग मी ओरडलो. मला वाटतं छप्पन्न वर्षांत मी पहिल्यांदाच खरा ओरडलो. गल्लीतली सगळी कुत्री उत्तर देऊ लागली. ऑगस्टातली गंगा पायऱ्या चढून पार वर आली होती आणि आंघोळीला जागा नसल्यामुळे निम्मा घाट गल्लीतच उभा होता, त्यामुळे प्रेक्षकही भरपूर मिळाले. कोतवालाला मात्र अतोनात आनंद झाला. आपल्यापेक्षा खालच्या दर्जाचं एक मोठं कुत्रं या घरात आहे असा त्याचा त्या दिवशी समज झाला, आणि तो शेवटपर्यंत गेला असं मला वाटत नाही.

चार दिवसांनी कचेरीत माझ्या हाताखालचा कारकून रजेचा अर्ज घेऊन आला आणि अर्ज पुढे सरकवताना तोंडातल्या तोंडात "क्यांव" म्हणाला. मी रजा मंजूर केली. दुसरं काय करणार?

त्यात बिंदुमाधवनं भर घातली. कोतवालाला चावू नको म्हणून सांगणं म्हणजे भैरवाच्या कामात अडथळा, असं त्याचं मत. भैरवाचा दात लागला की अरिष्ट टळतं. हे त्यानं नुसतं मनात ठेवलं नाही, दुधाबरोबर घरोघर वाटलं. एका सकाळी काळ्या कोटातले एक वकील दारात. "सुनिए, आज बहस है. ज़रा कटवा दीजिए." मी समजावलं की महाराज, आम्ही त्याला हेच न करण्याचं शिक्षण देतोय. तोवर त्यांनी हात पुढे केला होता आणि कोतवालानं आपलं कर्तव्यही बजावलं होतं. वकिलांनी रक्ताचा थेंब कपाळाला लावला आणि कोतवालाला पेढा भरवला. संध्याकाळी ते खटला जिंकून आले आणि आणखी चार पेढे घेऊन आले. आता सांगा, एका बाजूला पाठ फिरवणारा मी आणि दुसऱ्या बाजूला पेढा. कुठलंही शहाणं जनावर काय शिकेल? पुढच्या आठवड्यात मुलाखतीला जाणारे दोघे आणि लग्न न जमणारे एक गृहस्थ येऊन गेले. त्या गृहस्थांना कोतवाल चावला नाही. ते फार उदास होऊन गेले. मला त्यांचं वाईट वाटलं.

दशमीला तीन आठवडे उरले तेव्हा वीणानं मैत्रिणीला फोन केला. मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. "हो, एक छोटी साखळी लागेल," असं ती म्हणत होती. आई ओसरीवर कोतवालाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं फोन ऐकला की नाही ठाऊक नाही. तिनं फक्त आपला हात त्याच्या तोंडाजवळ नेला आणि तिथंच ठेवला.

त्या संध्याकाळी मी ढुंढिराज गुरुजींकडे गेलो. गुरुजींनी चाळीस वर्षं वेदपाठशाळेत मुलं घडवली. त्यांच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी झोपेतून उठवला तरी जिथं म्हणाल तिथून अध्याय म्हणतो. मी आपलं मन मोकळं करायला गेलो होतो, पण गुरुजींनी ते अर्ज समजून दाखल करून घेतलं.

"किती महिन्यांचा?" त्यांनी विचारलं.

"चार असेल."

"उशीर झालाय. पण बघू. संथेनं काय होत नाही?"

संथा म्हणजे गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं दोनदा, रोज तेच, तेवढंच, अंगात मुरेपर्यंत. गुरुजींची अट एकच, ते स्वतः कुत्र्याला शिवणार नाहीत. "हात तुमचा, पाठ माझा," ते म्हणाले. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला ते उंबऱ्यापलीकडे पाटावर बसायचे, मी आणि कोतवाल अलीकडे. गुरुजींनी "हं" म्हटलं की मी हात त्याच्या तोंडापुढे न्यायचा. तोंड उघडलं की त्या क्षणी अनध्याय. म्हणजे गुरुजी उठून चालते व्हायचे, मी उठून आत जायचं, दार बंद, आणि कोतवाल एकटा. तोंड मिटून त्यानं मान वळवली की त्याच्या स्टीलच्या वाडग्यात खव्याचा एक कण. वाडग्यातच, हातून नाही, जमिनीवर नाही. हात म्हणजे काही खायचं, काही धरायचं, हे त्याच्या डोक्यातून पार पुसून टाकायचं होतं.

"आणि घरातल्या सगळ्यांनी हाच नियम पाळायचा," गुरुजींनी बजावलं. "एकानं लाड केले की सगळी संथा वाया. लीलाताईंना सांगा, तीन आठवडे मांडीवर घ्यायचं नाही, हात द्यायचा नाही."

मी आईला सांगितलं. "बरं," ती म्हणाली, आणि ओसरीवरून उठून आतल्या खिडकीत जाऊन बसली.

मी पैजेवर सांगतो, माझ्या आयुष्यातलं एवढं यशस्वी दुसरं काम नाही. पहिले चार दिवस सतत अनध्याय. गुरुजी पाटावर बसायचे आणि उठायचे, त्यांचे गुडघे वाजायचे. सहाव्या दिवशी कोतवालानं एकदा मान वळवली, डावीकडे. नवव्या दिवशी दहापैकी सात वेळा. चौदाव्या दिवशी वकील आपल्या पुढच्या तारखेसाठी आले, हात पुढे केला, आणि कोतवाल खाली बसला, तोंड मिटलं आणि डावीकडे पाहू लागला. वकिलांनी दोन्ही हात देऊन पाहिले. "इसको क्या हो गया?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शिक्षण. ते गेले, बहुधा तारीख वाढवून घ्यायला. बिंदुमाधव माझ्याशी आठ दिवस बोलला नाही, आणि दुधात पाणी जास्त येऊ लागलं. पण माझी मान ताठ होती. कचेरीतही कारकून गप्प झाला. गुरुजी तर म्हणाले की मनुष्यजातीत असता तर पाठशाळेत घेतला असता. रोज संध्याकाळी मी आईला प्रगती सांगायचो. आज दहापैकी नऊ, आज दहापैकी दहा. "छान," ती म्हणायची. एवढं आनंदानं सांगावं आणि समोरच्यानं नुसतं छान म्हणावं, याचा मला थोडा रागही यायचा.

वीणानं फोन करून सारनाथचा बेत रद्द केला.

दशमी आली. श्राद्धाला गुरुजी स्वतःच बसले. पानं वाढण्याआधी गाय, कावळा आणि कुत्रा यांचा घास काढतात. गाईचा घास गाईनं घेतला, ती तर दारातच उभी होती. कावळा इतक्या तातडीनं आला की आपल्या वडिलांना कसलीच ओढ राहिली नव्हती की काय, असं मला जरा लागलं. राहिला कुत्रा. आता पक्षपंधरवड्यात ब्रह्मा घाटाच्या कुत्र्यांची अवस्था काय असते ते बाहेरच्या माणसाला सांगून समजणार नाही. घरोघर खीर, वडे, भात. साडेबारापर्यंत ती जिथं जागा मिळेल तिथं आडवी झालेली असतात. मी पत्रावळ घेऊन गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत यू यू करत फिरलो. एकानं डोळा उघडला, पत्रावळीकडे पाहिलं, आणि दुःखानं पुन्हा मिटला.

"बाहेर कशाला हिंडताय?" गुरुजी दारातून म्हणाले. "घरात भैरवाचं वाहन आहे, सकाळपासून उपाशी आहे. त्याला बोलवा."

हे मला सुचायला हवं होतं. मी पत्रावळ उंबऱ्याबाहेर ठेवली आणि कोतवालाला सोडलं. तो आला. त्यानं वास घेतला, शेपटी हलली. मग त्याला पत्रावळीच्या कडेला माझा हात दिसला. तो खाली बसला, तोंड मिटलं आणि डावीकडे पाहू लागला.

मी हात काढून घेतला. तो तसाच. पत्रावळ डावीकडे ठेवली, तर त्यानं उजवीकडे पाहिलं. ओठांच्या कडेनं लाळ गळत होती, पण तोंड उघडेना. बघता बघता गल्ली जमली. बिंदुमाधव आठ दिवसांनी बोलला, आणि बोलला तो असा: "बाबू, पिताजी नाराज हैं."

"काहीतरी इच्छा राहिली असेल दिनानाथरावांची," जेवायला आलेले एक ब्राह्मण म्हणाले. त्यांना भूक लागली होती. "बोला काहीतरी, कबूल करा."

मी हात जोडून सुरुवात केली. बाबा, मी रोज संध्या करीन. कोतवाल डावीकडे. बाबा, तुमचा रेडिओ दुरुस्त करून घेईन. डावीकडे. बाबा, वरच्या मजल्याची गळती यंदा नक्की काढतो. हे वीणानं मागून हळूच सुचवलं होतं. डावीकडे. बाबा, मी कचेरीत कुणाचा कागद अडवणार नाही, असंही एकदा म्हणून टाकलं आणि लगेच घाबरून गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी माझ्याकडे बघत नव्हते. ते कोतवालाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दोन विद्या एकमेकींना भिडल्या होत्या. श्राद्धाचा घास खायला हवा, हे त्यांनी शिकवलेलं. आणि तो न खाणारा शिष्यही त्यांनीच घडवलेला.

"पाठ पक्का झालाय," ते पुटपुटले.

"वाडग्यात घालू का, गुरुजी?"

"श्राद्धाचं अन्न? कुत्र्याच्या उष्ट्या वाडग्यात?" ते म्हणाले, आणि पुन्हा कोतवालाकडे पाहू लागले.

एवढ्यात आई बाहेर आली. ती श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकघराबाहेर येत नाही, म्हणून सगळे बाजूला झाले. ती उंबऱ्याशी बसली. बसायला तिला वेळ लागला. तिनं पत्रावळीवरचा भाताचा घास कालवला आणि तळहातावर घेऊन त्याच्यापुढे धरला. "घे रे," ती म्हणाली. "मी आहे."

कोतवालानं तिच्याकडे पाहिलं. शेपटी एकदा जमिनीवर आपटली. मग त्यानं तोंड मिटलं आणि मान डावीकडे वळवली.

आईचा हात तसाच राहिला. भात थोडा थोडा सांडत होता. "बरं बरं," ती म्हणाली, घास पत्रावळीवर ठेवला, भिंतीला धरून उठली आणि आत गेली.

घास शेवटी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या लंगड्या कुत्रीनं खाल्ला. तिला बहुधा बाकीच्यांनी काही मिळू दिलं नव्हतं. श्राद्ध पार पडलं. ब्राह्मण जेवले, गुरुजी दक्षिणा न घेता घरी गेले. वीणा भांडी आवरत होती.

मी आईच्या खोलीत गेलो. ती खिडकीत होती. कोतवाल तिच्यापासून दोन हातांवर, शिकवलं होतं तसा, पाय जुळवून बसला होता. मला वाटलं बाबांवरून तिच्या मनाला लागलं असेल. म्हणून मी म्हणालो, "आई, बाबा नाराज वगैरे काही नाहीत. त्याला शिकवलंय म्हणून तो घेत नव्हता. उलट बघ, तुझ्या हातालासुद्धा लागला नाही. आता तो कायमचा राहील."

"राहील रे," ती म्हणाली. "मला माहीत आहे. तू मेहनत घेतलीस."

मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चावायचा ना, तेव्हा निदान कुणीतरी हाताला लागायचं. सकाळी मी सोवळ्यात. दुपारी तुम्ही नसता. संध्याकाळी येता ते आपापला फोन घेऊन. हे गेल्यापासून मला हात लावला तो त्या डॉक्टरनं, आणि तोही पट्टी बदलायला, नाहीतर साखर बघायला, बोटाला सुई टोचून." ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. "ओरखडे उठायचे तर उठू देत होते. बोट जाईल म्हणाले डॉक्टर, म्हणून म्हटलं शिकव. शिकव म्हटलं ते चावायचं नाही एवढंच. शिवायचंच नाही असं कुठं म्हटलं होतं?"

मी कोतवालाला तिच्याजवळ ढकललं. तो खाली बसला, डावीकडे पाहू लागला. मी त्याची मान धरून तिच्या मांडीकडे वळवली. "चाव," मी म्हणालो. "चाव की रे. मी सांगतोय ना!" दोन महिने मी ज्याच्याशी झगडलो त्याचीच आता मी त्याच्याकडे भीक मागत होतो. तो थरथरत होता आणि तोंड उघडत नव्हता. त्याला वाटलं असेल की ही मोठी परीक्षा आहे. तो उत्तीर्ण झाला.

"राहू दे त्याला," आई म्हणाली. "त्याचा काय दोष?"

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. हात पुढे नेला आणि सवयीनं मध्येच थांबवला. "सोवळं सुटलं का?" मी विचारलं.

"केव्हाच," ती म्हणाली.

मी तिचा हात हातात घेतला. बोटांवर ओरखड्यांच्या जुन्या खुणा होत्या, त्या आता बुजत आल्या होत्या. तो हात कसा धरायचा हे मला येत नव्हतं. कातडी फाटेल अशी भीती वाटत होती, म्हणून मी तो नुसता माझ्या तळव्यावर ठेवून घेतला आणि हलेनासा झालो. स्वयंपाकघरातून वीणानं काहीतरी विचारलं, मी ओ दिली नाही. मग आईनं माझ्याकडे पाहिलं.

"घट्ट धर की जरा," ती म्हणाली. "मोडत नाही मी."